नाकातली नळी आधी काढायची की तोंडाने आधी सुरू करायचं?

ओसरीवरून
पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस नाकात नळी घेऊन घरी येतो. डिस्चार्ज कार्डावर 'आरटी फीड २०० मिली, दर २ तासांनी' (म्हणजे नाकातून जठरात जाणाऱ्या नळीने पातळ अन्न) एवढी एकच ओळ असते. पुढे काय, ते कार्डावर नसतं. मग घरात दोन पक्ष पडतात. एकाचं म्हणणं, नळी आहे तोवर तोंडाला थेंबही लावायचा नाही. दुसऱ्याचं, नळी काढून टाका, पोटात कावळे ओरडले की आपोआप खातील.

माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात, पण माझ्या मताला किंमत किती! इथे या विषयातले जाणकार आहेत म्हणून धागा काढतोय. प्रश्न तीन:
नळी असतानाच तोंडाने सुरू करता येतं का?
सुरुवात कशाने करायची, पाण्याने?
नळी काढायची वेळ आली हे ओळखायचं कसं?

विनंती एवढीच की 'आमच्या शेजारच्या काकांना...' असे किस्से नकोत. कृती, मापं आणि कारणं लिहा.

निरुपद्रवी
पहिल्या रांगेत सतरंजी टाकून बसलोय.

गिळणविद्या
मी वाचा-उपचारवाली. आमच्याकडे लोक बोलण्यासाठी येतात आणि आम्ही गिळण्याचंही बघतो हे कळल्यावर चकित होतात. जीभ, टाळू, घसा, स्वरयंत्र ही मंडळी दोन्ही कामांना तीच.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, येतं. नुसतं येतं असं नाही, क्रम तोच असायला हवा. आधी तोंडाने थोडं थोडं, मग नळीचं कमी करत जाणं, आणि सगळ्यात शेवटी नळी काढणं. नळी हा आधार आहे. पेशंट चालायला लागायच्या आधी काठी फेकून देत नाहीत.

न वापरलेले गिळण्याचे स्नायू हडकतात. महिनाभर तोंडात काही गेलं नाही की जीभ कोरडी पडते, तिच्यावर थर साचतो, घशाला घास आल्याची जाणीव उशिरा होते. बारीक नळी घशात असल्याने गिळणं किंचित मंदावतं, पण थांबत नाही. ती घशात वेटोळं करून बसली असेल तर मात्र अडचण होते, आणि ते आतून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पण सुरुवात करण्याआधी काही गोष्टी जमायला हव्यात. सलग १५ मिनिटं नीट जागं राहणं. आधाराने का होईना, ताठ बसणं. स्वतःची लाळ स्वतः गिळणं (उशी सतत ओली होत असेल तर थांबा). सांगितल्यावर खणखणीत खोकणं. आणि ताप, धाप नसणं. यातलं एक जरी नसेल तरी घाई नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ठसका लागला नाही म्हणजे सगळं नीट उतरलं, हे खरं नाही. पक्षाघातानंतर घशाची संवेदना कमी झालेली असू शकते. अन्न श्वासनलिकेत जातं आणि पेशंट शांत बसलेला असतो. आम्ही त्याला 'सायलेंट अ‍ॅस्पिरेशन' म्हणतो. म्हणून पहिला घास तपासणीनंतर, आणि तपासणाऱ्याच्या समोर.

खवय्या_कोल्हापुरी
आणि पाणी? आमच्याकडे आजारी माणसाला सगळ्यात आधी चमचाभर पाणीच पाजतात.

गिळणविद्या
@खवय्या, पाणी हा सगळ्यात अवघड पदार्थ. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जाऊन श्वासाची वाट बंद व्हायला हवी. या पेशंटमध्ये ते बंद होणं क्षणभर उशिरा होतं. पाणी तेवढी वाट बघत नाही, जिभेवरून सरळ घरंगळतं. घट्ट पदार्थ सावकाश सरकतो, म्हणून वेळ मिळतो. बहुतेकांची सुरुवात घट्ट, एकजीव, न चिकटणाऱ्या पदार्थाच्या अर्ध्या चमच्याने होते. 'बहुतेकांची' हा शब्द मुद्दाम वापरलाय. काहींना घट्ट पदार्थ ढकलता येत नाही, तो घशात मागे साचून राहतो, आणि त्यांना पातळ बरं जातं.

निरुपद्रवी
थोडक्यात, ज्याला आपण 'साधं पाणी' म्हणतो ते साधं नाही.

कानघसा
तपासणीबद्दल थोडं. दोन प्रकार आहेत.

एक, नाकातून लवचिक दुर्बीण घालून घशात वरून बघायचं. पेशंटला रंगीत कस्टर्ड, पाणी असं थोडं थोडं देतात आणि ते कुठे साचतं, कुठे गळतं ते पडद्यावर दिसतं. खाटेजवळ होते, किरणोत्सर्ग नाही. नेमका गिळण्याचा क्षण मात्र यात दिसत नाही. घसा आवळला की पडदा पांढरा होतो.

दुसरी, बेरियम मिसळलेलं खाणं देऊन बाजूने क्ष-किरणांचा चलतपट घ्यायचा. तो क्षणही यात दिसतो, पण मशीनपर्यंत पेशंटला न्यावं लागतं आणि तो बसू शकायला हवा.

जिल्ह्याच्या गावी दुसरी सोय सहसा मिळत नाही. पण लवचिक दुर्बीण बऱ्याच कान-नाक-घसा डॉक्टरांकडे असते. 'गिळताना बघून सांगाल का' असं स्पष्ट विचारा. सोबत वाचा-उपचारतज्ज्ञ असेल तर उत्तम. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, हे तज्ज्ञ तिथे घडतात. कोणत्याही वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाल तेव्हा भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते जरूर विचारा.

सिस्टर_इनचार्ज
प्रत्यक्ष भरवण्याची कृती लिहिते. मावशी-मामांना शिकवताना आम्ही याच क्रमाने शिकवतो.

नळीचं फीड देऊन निदान दीड-दोन तास झालेले हवेत. पोट गच्च असताना कोणाला खावंसं वाटणार? खुर्चीत ९० अंशात बसवा, तळवे जमिनीला टेकलेले. पलंगावरच भरवायचं असेल तर डोक्याकडचा भाग पूर्ण उभा करा, गुडघ्याखाली उशी द्या, नाहीतर माणूस घसरत खाली येतो आणि मान मागे जाते. टीव्ही बंद. भरवणाऱ्याने उभं राहू नये, समोर बसावं, डोळे एका पातळीत. उभं राहून भरवलं की पेशंट वर बघतो, हनुवटी वर जाते आणि श्वासनलिका उघडी पडते.

चहाचा चपटा चमचा, अर्धा भरलेला, म्हणजे साधारण २ ते ३ मिली. चमचा चांगल्या बाजूने आत, जिभेच्या मध्यावर हलकं दाबून बाहेर. वरच्या दातांवर खरवडू नका. मग थांबा. गळ्याच्या घाटीवर दोन बोटं हलकी ठेवली की ती वर उचलून खाली आलेली कळते. ती हलली नाही तर गिळलेलं नाही, मग तोंड कितीही चावल्यासारखं करो. एका घासाला दोनदा गिळायला सांगा. दर दोन-तीन घासांनी 'आ' म्हणायला लावा. आवाज ओला, गुळण्या केल्यासारखा आला तर खोकायला सांगा, परत गिळायला सांगा, आणि तरी ओलाच राहिला तर त्या दिवशी बस.

पहिल्या दिवशी पाच ते दहा चमचे. वीस मिनिटांच्या वर नाही. दमलेला घसा चुका करतो. नंतर लुळ्या बाजूच्या गालात बोट फिरवून बघा, तिथे घास लपलेला असतो. अर्धा तास तसंच बसवून ठेवा.

आणि कृपा करून बोंडलं, तोटीचा कप, सिरिंज वापरू नका. सगळ्यात मान मागे जाते आणि पातळ एकदम ओतलं जातं. कप द्यायची वेळ येईल तेव्हा कागदी कपाच्या काठाला नाकापुरता अर्धगोल कापा. नाक त्या खाचेत जातं, कप तिरपा करता येतो, मान तिरपी करावी लागत नाही. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला लावायचं, हे तर सगळ्यांनाच.

कानघसा
सिस्टर, बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य नाही. हनुवटी झुकवणं 'सगळ्यांना' नाही. ज्यांचं गिळणं उशिरा सुरू होतं त्यांना त्याने फायदा होतो. पण ज्यांच्या घशात, स्वरयंत्राच्या बाजूच्या खोलगट खिशांत अन्न साचून राहतं, त्यांच्यात मान झुकवली की ते साचलेलं पुढे, श्वासनलिकेत सांडू शकतं. आणि ओठ नीट मिटत नसतील तर मान झुकवल्यावर सगळं बाहेरच गळतं.

गिळणविद्या
+१ कानघसा. मान वळवण्याचंही तसंच. घशाची एक बाजू लुळी असेल तर मान लुळ्या बाजूला वळवायची. ऐकायला उलटं वाटतं. पण वळवल्याने ती बाजू चिमटली जाते आणि अन्न चांगल्या बाजूने उतरतं. आता गंमत अशी की हात-पाय उजवीकडचे गेले म्हणजे घसाही उजवीकडचाच गेला असं नेहमी नसतं, विशेषतः मेंदूच्या देठात झटका असेल तर. म्हणून युक्ती तपासणीनंतर.

सिस्टर_इनचार्ज
मान्य. 'सगळ्यांनाच' खोडून 'सांगितलं असेल त्यांना' असं वाचावं.

दंतकथा
एवढे प्रतिसाद झाले, अजून कोणी तोंड धुवायचं नाव काढलं नाही!

फुफ्फुसात जाणारा थेंब एकटा जात नाही. तोंडातले जंतू घेऊन जातो. नळीवरच्या माणसाचं तोंड वापरात नसल्याने जास्तच घाण होतं, आणि घरचे म्हणतात, 'खात नाहीत तर दात कशाला घासायचे?' उलट आहे. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, आणि तोंडाने घास देण्याआधी व नंतर एकदा. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, फेस न होणारी मिळाली तर बरं. पाण्याने चूळ भरायला लावू नका, ते पाणीच घशात जाईल. ब्रश नुसता ओलसर करा, फेस ओल्या कापडाने किंवा सक्शनने काढा. जीभ मागून पुढे पुसा. टाळूवर वाळलेली लाळ पापडासारखी चिकटलेली असते, ती आधी ओली करून मऊ होऊ द्या, ओरबाडू नका.

कवळी असेल तर बघा बसते का. वजन उतरलं की हिरड्या आटतात आणि कवळी हलते. हलणारी कवळी घालून खाण्यापेक्षा कवळीशिवाय मऊ खाणं बरं. रात्री कवळी काढून ठेवायचीच.

आहारअंजू
आता माझा विषय. घट्ट म्हणजे किती घट्ट? 'पेजेसारखं' म्हटलं की रत्नागिरीत एक अर्थ होतो आणि नागपुरात दुसरा. म्हणून आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय मापपट्टी आहे, ० ते ७. पाणी ०. १ ते ३ वाढत जाणारी दाट पेयं. ४ म्हणजे चमच्यावर गोळा राहील असं एकजीव. ५ बारीक आणि ओलसर. ६ मऊ, घासाएवढे तुकडे. ७ म्हणजे नेहमीचं जेवण.

पेयांसाठी घरात करायची चाचणी: १० मिलीची सिरिंज, सुई काढलेली. तोंडाला बोट लावून १० मिलीपर्यंत भरायची. बोट काढून बरोबर १० सेकंद वाहू द्यायचं, परत बोट. आत किती उरलं? १ मिलीच्या आत: पातळी ०. १ ते ४: पातळी १. ४ ते ८: पातळी २. ८ च्या वर, पण थोडं तरी वाहिलं: पातळी ३. काहीच वाहिलं नाही तर ४. एक खोच: ही चाचणी ज्या सिरिंजवर बसवलीय तिच्यावर ० ते १० च्या रेघांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर असतं. सगळ्या कंपन्यांची सिरिंज तशी नसते. आधी पट्टी लावून मोजा.

पातळी ४ साठी चमचा कलता करायचा. गोळा एकसंध निसटून पडला पाहिजे. पसरून वाहिला तर पातळ आहे, चमच्याला घट्ट धरून बसला तर चिकट आहे. दोन्ही नापास.

आणि वाढताना ज्या तापमानाला असेल त्याच तापमानाला तपासा. नाचणीची आंबील गॅसवर २ असते आणि गार झाली की ४ होऊन बसते.

खवय्या_कोल्हापुरी
म्हणजे वरणभात मिक्सरला फिरवला की झालं?

आहारअंजू
नाही, आणि हीच घरोघरची चूक. भात मिक्सरला फिरवला की त्यातला स्टार्च फुटतो आणि लुकण तयार होतं. ते टाळूला चिकटतं. भात जास्त पाणी घालून गुरगुट्या शिजवायचा, गरम असतानाच पळीने घोटायचा, त्यात दाट वरण आणि तूप घालायचं आणि मग गाळणीतून दाबून काढायचा. तुपाने चिकटपणा मोडतो आणि चमच्याला (५ ग्रॅम) ४५ कॅलरी मिळतात ते वेगळंच.

ज्यांच्याकडे पुरणयंत्र आहे त्यांनी माळ्यावरून काढा. शिजलेला भोपळा, रताळं, दुधी, गाजर, मुगाचं घट्ट वरण, सगळं यातून झकास निघतं. रेषा आणि सालं वरच राहतात. पातळी ४ साठी बारीक जाळी, आणि वाटलंच तर एकदा गाळणीतून.

पातळी ४ ला चालणारं: चक्का फेटून केलेलं गुळगुळीत श्रीखंड (चारोळ्या, बदाम नकोत), दाट कस्टर्ड, गाळलेला हापूसचा दाट रस (रायवळचा नको, दोरे असतात), पूर्ण पिकलेलं केळं दुधाच्या सायीत घोटून, अंड्याचं मऊ कस्टर्ड.

धोक्याचं: साबुदाण्याची खिचडी, उकडीचा मोदक, चुरमुरे, फरसाण, पोहे, कोरडा उपमा, द्राक्षं. पाणी आणि कण वेगळे असणारे पदार्थ तर मुळीच नकोत: ताकभात, दूधपोहे, कटाची आमटी आणि भात. पातळ आधी पळतं, कण मागे राहतो, आणि त्या बिचाऱ्या घशाला एकाच वेळी दोन कामं. आइस्क्रीम आणि जेली चमच्यात घट्ट दिसतात, तोंडात पाणी होतात. ती पातळी ० समजा.

मळ्यातला
गावाकडे दुधात भाकरी कुस्करून देतात. चालेल?

आहारअंजू
पातळी ५ ला, नीट केलं तर. ताज्या भाकरीचा पापुद्रा आणि करपलेले कडक भाग काढा. कोमट दुधात अर्धा तास भिजू द्या, वर मोकळं दूध दिसलं तर ओतून टाका, काट्याने कुस्करा. मोठ्यांसाठी कण ४ मिलिमीटरच्या आत, म्हणजे काट्याच्या दोन दातांमधल्या फटीतून जाईल एवढा. ज्वारीचा कोंडा चरबरीत राहिला तर चाळलेल्या पिठाची करा.

ओसरीवरून
उत्तम चाललंय. उपप्रश्न: पाणी, चहा, दूध घट्ट कशाने करायचं? कॉर्नफ्लोअर? कोणीतरी इसबगोल सुचवलं होतं.

गिळणविद्या
इसबगोल अजिबात नको! ते थांबत नाही, फुगतच राहतं. अर्धवट गिळलेला गोळा घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो.

कॉर्नफ्लोअर, तांदळाचं पीठ, सत्त्व हे शिजवून दाट करता येतं, पण लाळेत स्टार्च पचवणारं विकर असतं. उष्टा चमचा वाटीत परत परत बुडवला की वीस मिनिटांत खीर पातळ झालेली दिसते. सुरुवातीला पातळी ३ आणि शेवटच्या घासांना १, आणि ठसका नेमका शेवटी लागतो. उपाय सोपा आहे: मोठ्या वाटीतून छोट्या वाटीत थोडं थोडं काढून घ्या.

झँथन गमची तयार पूड मिळते. लाळेने ती पातळ होत नाही, पारदर्शक राहते, महाग पडते. डब्यावरच्या मापाने घालायची, काट्याने ढवळायची, आणि थांबायचं. दुधाला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. 'अजून पातळच आहे' म्हणून लगेच दुसरा चमचा टाकला की पाच मिनिटांनी खळ तयार.

गोळीवाला_फार्मासिस्ट
घट्ट करण्याबद्दल एक इशारा. पोट साफ होण्यासाठी पॉलिइथिलीन ग्लायकॉल असलेली पूड देतात. ती स्टार्चने घट्ट केलेल्या द्रवात मिसळली की तो द्रव पाण्यासारखा पातळ होतो. अशा पेशंटला हे दोन एकत्र देऊ नयेत.

गोळ्यांचं: 'एसआर', 'एक्सआर', 'ईआर', 'ईसी' असं नावापुढे असेल ती गोळी कुटू नका. दिवसभराचा डोस एकदम सुटतो, किंवा आवरण मोडल्याने औषध जठरात वाया जातं. डॉक्टरांना पर्याय विचारा, बऱ्याचदा साधी गोळी किंवा सिरप असतं. कुटण्यासारखी असेल तर बारीक पूड करून चमचाभर दाट श्रीखंडात किंवा केळ्यात, आणि तो चमचा सगळ्यात आधी. वाटीभर खिरीत मिसळलं आणि अर्धी खीर उरली, तर डोस किती गेला सांगा! नळी आहे तोवर औषधं नळीतूनच देणं सोपं. पार्किन्सन्सच्या गोळीचा असर चढलेला असताना जेवण दिलं तर गिळणं बरं होतं, ती वेळ साधा.

परदेशी_पाटील
इंग्लंडात याच विभागात काम करतो. थोडा विरोधी सूर लावतो. घट्ट पाणी हा सरसकट उपाय नव्हे. ते कोणालाच आवडत नाही, म्हणून माणूस कमी पितो. मग लघवी गडद, बद्धकोष्ठ, गुंगी. आणि घट्ट केलेलं पाणी फुफ्फुसात गेलंच तर ते साध्या पाण्यापेक्षा जास्त त्रास देतं.

अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या फ्रेझियर पुनर्वसन केंद्रात १९८४ पासून 'मोकळं पाणी' पद्धत वापरली जाते. जेवणासोबत घट्ट द्रव. दोन जेवणांच्या मध्ये, तोंड स्वच्छ घासून, साधं पाणी घोट घोट. जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, म्हणजे तोंडातले कण पाण्याबरोबर जाणार नाहीत. पाण्याबरोबर गोळी नाही. फक्त पाणी: चहा, दूध, सरबत नाही. स्वच्छ तोंडातलं थोडं साधं पाणी फुफ्फुसं शोषून घेऊ शकतात, हा त्यामागचा विचार.

दंतकथा
पुन्हा ब्रशवर आलात! धन्यवाद पाटील.

गिळणविद्या
पाटीलसाहेब, तत्त्वतः सहमत. पण ही पद्धत बसता येणाऱ्या, जाग्या, हालचाल करणाऱ्या पेशंटसाठी आहे. खाटेला खिळलेला, कफाने भरलेला, आधीच न्यूमोनिया होऊन गेलेला पेशंट यात बसत नाही. आणि आपल्याकडे नळी असतानाचा एक फायदा विसरू नका: पाणी नळीतून द्या, घास तोंडाने. घट्ट पाण्याचं भांडण बरंच दिवस पुढे ढकलता येतं.

कर्करोग_पुनर्वसन
थोडं अवांतर, पण महाराष्ट्रात गरजेचं. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे पेशंट आपल्याकडे भरपूर. विकिरणाच्या (रेडिएशनच्या) काळात नळी असते त्यांचं गणित पक्षाघातासारखं नाही. पक्षाघातात गिळणं हळूहळू सुधारत जातं. विकिरणानंतर स्नायू कडक होत जातात, कधी कधी वर्षांनंतरही. म्हणून नळी असली तरी विकिरण चालू असतानाही, टीमने परवानगी दिली असेल तर, रोज थोडं तरी गिळत राहायचं. 'सगळं आटपलं की बघू' म्हणणाऱ्यांची नळी लांबते.

दुसरं, तोंड उघडणं. वरच्या-खालच्या पुढच्या दातांत स्वतःची तीन बोटं उभी मावली पाहिजेत, ३५ मिलिमीटरच्या खाली गेलं की ते आखडणं समजतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांत धरून ताण द्यायचा, जमेल तशी एकेक काडी वाढवायची, दिवसातून बऱ्याच वेळा थोडं थोडं. लाळ आटलेली असते, म्हणून कोरडं, पिठूळ काही उतरत नाही. रस्सा, तूप, साय जास्त. तिखट आणि आंबट महिनोनमहिने झोंबतं.

बाळाची_आई
कमी दिवसांच्या बाळांची नळी सोडवण्याबद्दलही लिहा ना कोणीतरी.

गिळणविद्या
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन. बाळाला 'परत' शिकायचं नसतं, पहिल्यांदाच शिकायचं असतं. इथलं काहीही बाळाला लावू नका, विशेषतः घट्ट करायच्या पुड्या.

निरुपद्रवी
व्यायामाचं कोणी बोललंच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जीभ दातात धरून गिळायचा व्हिडिओ फिरतोय.

गिळणविद्या
तो व्यायाम खरा आहे, पण तोंडात काही नसताना. त्या व्हिडिओवर हे लिहिलेलं नसतं. जीभ धरून घास गिळला तर घास भलतीकडे जाईल.

दुसरा प्रसिद्ध: पाठीवर झोपून, खांदे न उचलता, पायाची बोटं दिसतील एवढं डोकं उचलायचं. एक मिनिट धरायचं, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा. मग न धरता ३० वेळा वर-खाली. दिवसातून तीन वेळा, सहा आठवडे. याने स्वरयंत्राला वर ओढणारे स्नायू बळकट होतात आणि अन्ननलिकेचं वरचं दार जास्त उघडतं. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल किंवा गळ्यात श्वासाची नळी असेल तर करू नये. पहिल्याच दिवशी मिनिटभर कोणालाच जमत नाही.

पण सगळ्यात चांगला व्यायाम म्हणजे सुरक्षित घास गिळणं. गळ्याला करंट देणाऱ्या मशीनसाठी कर्ज काढू नका. फायद्याचे पुरावे उलटसुलट आहेत.

ओसरीवरून
गाडी मूळ स्थानकावर आणतो. तिसरा प्रश्न: नळी काढायची कधी?

आहारअंजू
हिशोबाने. ६० किलोच्या माणसाला साधारण १५०० ते १८०० कॅलरी, ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं आणि १८०० मिलीच्या आसपास द्रव लागतं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर हे आकडे बदलतात.

क्रम असा. एका वेळेचं जेवण निवडा, सहसा सकाळचं, तेव्हा माणूस ताजातवाना असतो. आधी तोंडाने, मग नळी. उलटं नाही. वाटी आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा, अंदाज नको. ठरलेल्यातलं तीन चतुर्थांशाच्या वर खाल्लं तर त्या वेळचं फीड सोडा. निम्मं खाल्लं तर निम्मं फीड. थोडंच खाल्लं तर पूर्ण. मग दुसरी वेळ, मग तिसरी. रात्रीचं फीड सगळ्यात शेवटी बंद करायचं, कारण दिवसभराची तूट त्यात भरून काढता येते.

लागोपाठ तीन दिवस गरजेच्या ७५ टक्के तोंडाने गेलं, वजन घसरलं नाही, ताप आला नाही, की नळी काढण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. द्रवाचा हिशोब वेगळा ठेवा. घास ७५ टक्के आणि पाणी ३०० मिली, अशी नळी काढली की चार दिवसांत सलाईन लावावी लागते.

मधुमेह असेल तर इन्सुलिनचा डोस फीडच्या बेताने ठरलेला असतो. तोंडाने सुरू केलं, फीड कमी केलं आणि डोस तोच ठेवला तर साखर धाडकन उतरते. फीड बदलायच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा.

मळ्यातला
आणि महिना होऊनही जमलंच नाही तर?

कानघसा
चार आठवड्यांच्या पुढे नळी लागणार असं दिसत असेल तर पोटातून थेट जठरात बसवायच्या नळीचा विचार करतात. घरच्यांना ती हार वाटते. पण नाक-घसा मोकळा होतो, नळी वारंवार उपसून येत नाही आणि तोंडाचा सराव चालूच राहतो. जमलं की तीही काढता येते.

सिस्टर_इनचार्ज
काढताना दोन गोष्टी. एक, ७५ टक्के जमल्यावर लगेच उपसू नका. दोन-तीन दिवस नळी टोपण लावून नुसती ठेवा, दर सहा तासांनी पाण्याने धुवा म्हणजे चोंदणार नाही. औषधंही तोंडाने जातायत का ते या दिवसांत कळतं. दोन, शनिवारी संध्याकाळी काढू नका. रविवारी घास अडला तर परत घालायला कोण येणार? सोमवार-मंगळवार सकाळ बघा. आणि काढणं नर्सकडून किंवा दवाखान्यात. आधी पाण्याने धुऊन, नळी चिमटून ओढायची, नाहीतर आतलं फीड घशात ठिबकतं.

त्यानंतरचे दोन आठवडे रोज ताप, आणि सकाळी उठल्यावर एक मिनिटाचे श्वास मोजून वहीत लिहा. कफ वाढला, जेवताना आवाज ओला झाला, श्वास जलद झाला, विनाकारण सुस्ती आली, तर तोंडाने देणं थांबवून त्याच दिवशी दाखवा. वही पलंगाला बांधून ठेवा. दिवसपाळीच्या मावशींनी काय दिलं ते रात्रपाळीच्या मामांना कळत नाही, आणि निम्मे अपघात तिथेच होतात.

निरुपद्रवी
म्हणजे उचकी लागली तर कोणीतरी आठवण काढली, ठसका लागला तर मावशींनी पातळी चुकवली.

खवय्या_कोल्हापुरी
सगळं वाचलं, वाचनखूण साठवली. आता पेशंटच्या वतीने एकच प्रश्न. मिसळ कधी?

आहारअंजू
पातळी ७, तीही वरची. पातळ कट, कडक फरसाण, चिकट पाव, वर कच्चा कांदा, आणि तिखटाने ठसका. इतकं सगळं एकाच वाटीत दुसऱ्या कुठल्या पदार्थात नाही. पातळी ६ ला मात्र मटकी मऊ शिजवून, दाटसर रश्शात, सालं काढून देता येईल. दाणा काट्याने दाबा, अंगठ्याचं नख पांढरं होईल एवढा जोर. चेपला आणि परत फुगला नाही तर पास. पाव आणि फरसाण तुम्ही खा, पण त्यांच्यासमोर नको.

खवय्या_कोल्हापुरी
सालं काढलेली मटकी... एवढ्या मटकीची सालं काढणार कोण?

आहारअंजू
पुरणयंत्र.